आंजीची दमणी आणि सवतीचा टाक

ताई वाळत चाललीय, मेलेली सवत तिचं रक्त पितेय, असा निरोप आंजीहून आला आणि मी तडक निघाले. पन्नासच्या दशकातला हिवाळा. मी नागपुरात शिकत होते. तुम्हीही या भागात हिवाळ्यातच जा. पॅसेंजर सिंदीला रेंगाळली, तिथे ओटीभर संत्री स्वस्तात मिळाली. आता वर्ध्याहून आंजीला एसटी जाते, तेव्हा मी बैलांच्या दमणीतून गेले. धुळीने केस पार पांढरे!

ताईच्या गळ्यात चांदीचा टाक होता. पहिली बायको वारली की दुसरीने तिची प्रतिमा गळ्यात घालायची, म्हणजे ती शांत राहते, असा रिवाज. पहिली यमुना, खोकून खोकून रक्त पडून गेलेली. आता ताईलाही तोच खोकला.

कोथिंबिरीची गरम सांबारवडी वाढता वाढता ताईच्या सासूबाई (ती त्यांना आत्याबाई म्हणे) कुजबुजल्या, "थे हिचं रक्त पेऊन राह्यली, पोरी."

मला संताप आला आणि भीतीही वाटली. सकाळीच दोघींना दमणीत घालून वर्ध्याचा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो पाहिल्याशिवाय औषध नाही, गळ्यातलं सगळं काढा. ताईने मंगळसूत्र मुकाट्याने मनगटाला गुंडाळलं. टाक मात्र मुठीत घट्ट धरला.

"नाई काढत. काढला तं थे मले सोडन काय?"

मी रागावले, हातापाया पडले. ती रडायलाच लागली. फोटो न काढताच परतावं लागणार, असं दिसू लागलं. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या.

"आण, माह्या गळ्यात घाल. माहीच सून होती थे."

ताईने टाक त्यांच्या गळ्यात घातला आणि फोटो काढायला आत गेली.

निघाला क्षयच. पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, सुयांनी बरी होईल. मला इतकं हलकं वाटलं की दवाखान्याबाहेर भजी खाताना उगाचच हसत सुटले. ताईही हसली.

पुढे वाचलं, दूरदेशीही एका घरातली माणसं क्षयाने एकामागून एक गेली की आधी मेलेल्यालाच रक्तपिपासू ठरवत, थडगी उकरत. म्हणजे आंजीच तेवढी वेडी नव्हती!

ताई बरी होऊन नागपूरला आली, गाल भरलेले. जीव भांड्यात पडला. गळा मोकळा दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मी वापस मांगला होता टाक. आत्याबाई म्हणे, राहू दे माह्याजवळ. यमुनेले मी दवाखान्यात नेलंच नाई, म्हणे."