खवल्याची वरची बाजू

आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅब अटेंडंटना सगळे मामाच म्हणतात. मालवणकडचे, बोलणं मोजकं. जीवाश्मांचं कपाट त्यांच्या ताब्यात. लेपिडोडेंड्रॉन हे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेलं झाड. त्याची साल, मूळ आणि शंकू शास्त्रज्ञांना सुटेसुटे सापडले, म्हणून तिघांना तीन नावं पडली. मी त्यांना तीन खणांत ठेवते, मामा पुन्हा एका ट्रेमध्ये आणतात. "एका घरातली माणसां ती, मॅडम," एवढंच म्हणतात.

यंदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सालीचा तुकडा उचलून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. एरवी साहेबांसमोर तोंड न उघडणारे मामा पुढे झाले आणि त्यांनी तो फिरवला.

"उलटो ठेवलात."

सालीवर पानं गळल्याच्या खुणा होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या. प्रत्येकीच्या वरच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढा खळगा. मामांनी त्यावर नख ठेवलं. "ह्यो खड्डो वर व्हयो."

परीक्षक हसले. "अहो, दगड तो. काय फरक पडतो?"

"दगड आता झालो, साहेब. आधी झाड होता."

परीक्षकांनी पुढचा नमुना उचलला. मी मात्र मान खाली घातली. तो खळगा मी दरवर्षी फळ्यावर काढते. नमुना मांडताना कधी बघितला नव्हता. माझं मांडून झालं की मामा फडकं घेऊन टेबलाभोवती एक फेरी मारतात. इतकी वर्षं मला वाटायचं, धूळ पुसतात.