कोऱ्या कॅसेटचा भाव

देशातली महागाई ज्यांच्या परवानगीशिवाय वाढू शकत नाही, ते गृहस्थ शनिवार पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतात आणि दिल्लीला याची कल्पनाही नाही. दरमहा ठरलेल्या दुकानांत जाऊन ठरलेल्या वस्तूंचे भाव सरकारी निर्देशांकासाठी टिपणे, हे या काकांचे काम. त्यांच्या तक्त्यातला एकही रकाना कधी रिकामा गेलेला नव्हता, याचा त्यांना सार्थ आणि शेजाऱ्यांना काहीसा असह्य असा अभिमान होता. लग्नाच्या पंगतीत ते जिलबीचे वजन विचारतात. भेंडी ‘बरीच’ महागल्याचे आई एकदा सहज बोलून गेली, तेव्हा ‘बरीच’ हे एकक कोणत्या देशात चालते, अशी चौकशी करून ते भाजीची वाटी न घेताच परतले. मी खराडीतल्या एका कंपनीत आकडेवारीचे विश्लेषण करते. म्हणजे काका उन्हातून जे आणतात, त्यावर गारव्यात बसून भाकिते रचते. “भाकीत चुकलं की तुमचा पगार कापतात का गं?” ही त्यांची त्यावरची टिप्पणी.

त्यांनी जपलेल्या कार्बनप्रतींवरून मी हौसेने आलेख काढले. सगळ्या रेषा चढत होत्या. कोऱ्या कॅसेटची मात्र सात वर्षे आडवी झोपलेली. काकांच्या मते हे बाजाराच्या शिस्तीचे लक्षण होते. मला शंका आली, म्हणून पुढच्या फेरीला त्यांच्याबरोबर बुधवार पेठेतल्या त्या दुकानात गेले आणि दुकानदाराने भाव सांगताच पैसे पुढे केले.

तो ओशाळला. “ती विकायची नाही, ताई. शेवटचीच आहे. ती गेली तर काकांचा रकाना रिकामा राहील.”

काकांनी कॅसेट उचलली, तिच्यावरची धूळ पुसली आणि जागेवर ठेवली. वस्तू समोर आहे, भावही सांगितला, मग लिहून टाका, असे दुकानदाराने नाना परींनी विनवले. काका शांतपणे म्हणाले, “जी विकायची नाही, तिला भाव नसतो, भाऊ.” आणि आपल्या सुबक अक्षरात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘उपलब्ध नाही’ असे लिहिले.

घराजवळ आल्यावर माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “हे कधीपासून चाललं असेल?”

आलेख मला तोंडपाठ होता. “गेल्या महिन्यापासूनच असेल, काका,” मी म्हणाले.

आधार काय, हे त्यांनी विचारले नाही.

“असेल,” ते म्हणाले.