परातीएवढी पानं

दुबईत होस्टा लावायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा. परातीएवढ्या पानांचं हे झाड थंड देशातलं. त्याला सावली हवी आणि हिवाळ्यात चांगला गारठाही हवा. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमागे मी तो हिरव्या जाळीखाली लावला. दर डिसेंबरात त्याचा गड्डा ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवायचे. नवरा म्हणायचा, "खलास, हे काही जगत नाही." त्याच्या नाकावर टिच्चून झाड जगलं आणि यंदा मार्चमध्ये पानं खरोखरच परातीएवढी झाली. पाहुण्यांना मी बोटही लावू देत नसे.

आई तेव्हा आमच्याकडेच होती. बाबा गेल्यापासून तिने गॅस पेटवला नव्हता. पुढ्यात ताट ठेवलं तर दोन घास खायची, नाहीतर खिडकीशी बसून राहायची. आयुष्यभर घर भरून माणसांना जेवू घालणारी ही बाई आता साधा चहाही करेना. तिला बघून मी हादरून गेले होते. ती अशीच विझत जाणार, या भीतीने मला काही सुचत नव्हतं.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर मागचं दार सताड उघडं आणि होस्टाच्या जागी नुसते देठांचे खुंट. काय बघतेय तेच मला कळेना. मग तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडणार, इतक्यात लेक धावत आली, "मम्मा, आजी इज कुकिंग!"

आई पदर खोचून ओट्याशी उभी होती. बेसन, चिंच, गूळ आणि माझ्या पानांचे गुंडाळलेले उंडे. एक तर वाफवून, कापून, तळूनही झाला होता.

"अगं, एवढा सुरेख अळू दारात आणि तुम्ही भाज्या सुपरमार्केटातून आणता?" ती म्हणाली. "देठ जरा वेगळा वाटला. इकडची जात असेल."

अळूवडी! होस्टाची! मी घाईघाईने मोबाइलवर शोधलं. कुत्र्यामांजरांना विषारी, माणसांना चालतो, असं लिहिलेलं दिसलं आणि जीव भांड्यात पडला.

"खाजणार नाही ना गं?" असं विचारत आईने स्वतःच एक वडी तोंडात टाकली. "मीठ कमी पडलंय. उद्या नीट करते. पण पानं संपली बघ."

भिंतीच्या बाजूला दोन कोवळी पानं तिच्या नजरेतून सुटली होती. उन्हाळा तोंडावर आलेला. तीही गेली तर झाड वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी बाहेर गेले आणि तिला ती तोडून आणून दिली.