दगडावरची मुलगी

"थांबा हो, आरशात बघून सांगतो."

कामाबद्दल काहीही विचारलं की आमच्या छापखान्यातल्या चित्रकाराचं हे उत्तर ठरलेलं. मग कोटाच्या खिशातून तळहाताएवढा आरसा निघायचा, कानाजवळ धरला जायचा आणि गृहस्थ पाठमोरे उभे राहून आपलंच काम आरशात न्याहाळायचे. नव्या माणसाला वाटे, हा भलताच नटवा दिसतोय. तुम्हीही तेच म्हणाला असता. पण आमचा धंदाच उलटा होता.

बेळगावात आमचा शिळाछापखाना होता. म्हणजे दगडावर चित्र काढायचं आणि दाब देऊन ते कागदावर उमटवायचं. दगडावर जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे येतं. म्हणून सगळं उलटं काढायचं आणि आरशात सुलटं बघून घ्यायचं. मी उलटी अक्षरं लिहीत असे, म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. चित्रं काढीत ते हे आरसेवाले गृहस्थ. ते शहापूरचे, विणकराच्या घरातले. आधी लुगड्यांच्या काठांचे नमुने काढून देत असत. ती सवय बोटांत इतकी मुरलेली, की चहाची वाट बघतानासुद्धा टेबलावर नखाने काठ काढत बसायचे.

पोटासाठी काम मात्र तंबाखूच्या पुड्यांवरच्या चित्रांचं. एकदा निपाणीच्या एका व्यापाऱ्याला पुड्यावर वाघ हवा होता, चांगला खवळलेला. ह्यांचा वाघ पोटभर जेवून सावलीला बसलेला. व्यापारी म्हणाला, "ह्यो वाघ हाय का मांजर वो?"

"वाघच की. जेवलाय. तंबाखू मळायला बसलेल्या माणसाम्होरं भुकेला वाघ कशाला?"

व्यापाऱ्याला हसू फुटलं आणि वाघ तसाच छापला गेला. छापखान्याचा मालक मात्र आठवडाभर फुगून होता.

त्यांचा खरा जीव होता तो लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात. त्या काळी आमच्याकडे मुलांचं पुस्तक म्हणजे पानभर उपदेश आणि कोपऱ्यात एखादा पोपट. ह्यांना एका मुलीचा एक दिवस काढायचा होता. मुलगी उठली, पाणी आणलं, मागावरच्या बापाला हाक मारली, जेवली, शाळेला गेली, मैत्रिणीशी भांडली, झोपली. अशी सोळा चित्रं आणि प्रत्येकाखाली एक ओळ. ती ओळ मी लिहायची होती, आणि तेवढीही त्यांना खुपायची. "मास्तर, तुमची अक्षरं जरा सरकून बसतील काय? पोरीला पाय पसरायला जागा न्हाय."

चित्र आधी कागदावर काढायचं आणि ते घेऊन गल्लीत जाऊन बसायचं, ही त्यांची रीत. गल्लीत निम्मी पोरं मराठी बोलणारी, निम्मी कानडी. हे अवाक्षर न काढता चित्र पुढे धरत. पोर बघून "मग?" म्हणालं किंवा "मुंदे?" म्हणालं, म्हणजे पुढे काय झालं ते त्याला हवं असलं, की चित्र पास. "छान हाय" म्हणालं, की घरी येऊन चित्र फाडून टाकायचे. मी म्हटलं, "अहो, छान म्हणतायत की!" तर म्हणाले, "छान मोठी माणसं म्हणत्यात, मास्तर. पोराला ते शिकवलेलं असतंय."

अशाने पुस्तकाला चार वर्षं लागली नसती तरच नवल. सुट्टीच्या दिवशी दगड वापरायला मालकाची परवानगी होती. शाळा घेतील या आशेवर त्याने छापायचंही कबूल केलं होतं.

पुस्तकातली मुलगी म्हणजे त्यांची लेक तारा. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा मी तिला पहिल्यांदा बघितलं. सहा-सात वर्षांची असेल. ती पाटावर बसली आणि आईने लुगड्याच्या काठाची चिंधी घेऊन तिचा डावा हात कमरेशी बांधून टाकला. पोरगी डावरी होती. उजव्या हाताने घास उचलताना निम्मा भात मांडीवर पडत होता.

"लगीन व्हायचं हाय तिचं," मी काही विचारलं नव्हतं तरी आई म्हणाली. "डाव्या हातानं जेवणारी पोर कोण पत्करणार वो?"

हे खाली मान घालून जेवत होते. मीही जेवलो. त्या घरात कोणी दुष्ट नव्हतं. तेव्हा घरोघरी असंच चालायचं.

जेवणाच्या चित्राचा पहिला कागद निघाला तो मालकच हातात नाचवत आला. चित्रात आई, बाप, आजी उजव्या हाताने जेवत होते आणि मधोमध बसलेली मुलगी डाव्या हाताने. दगडावर ती एकटीच उजव्या हाताने जेवताना दिसत असणार. पण दगडाकडे इतकं निरखून बघायला आम्हाला सवड कुठे होती?

"सगळ्यांचे हात उलटे काढलासा, आन् हिचाच इसरलासा?" मालक म्हणाला.

"इसरलो न्हाय."

"म्हंजे?"

"ती तशीच जेवती."

मालकाने कपाळावर हात मारला. शाळेत असल्या चित्राचं पुस्तक कोण लावणार, पोरींना हेच वळण लावायचं काय, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, "हात बदला, न्हाय तर पुस्तक ऱ्हाऊ दे. दगड घासून कामाला घेतो."

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले, टोपी घातली आणि घरी गेले.

दगड वाळूने घासला की चित्र कायमचं गेलं. चार वर्षं पाण्यात जाणार, हे मला दिसत होतं. मालक माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमचाबी हात चालतोय न्हवं?"

मी हो म्हणालो. पुस्तक वाचावं म्हणून हो म्हणालो, असं पुढे मी अनेकांना सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण जन्मभर अक्षरंच गिरवली होती, एकदा तरी चित्राला हात लावायचा होता, हेही तितकंच खरं. पात्याने तिचा हात खरवडला, दगड धुतला आणि बारीक कुंचल्याने दुसरा हात काढला. पाच बोटं आणि एक घास. दुपारपर्यंत काम झालं. कागदावर मुलगी उजव्या हाताने जेवू लागली.

दुसऱ्या दिवशी ते आले. नव्या कागदाकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. आता आरडाओरडा होणार म्हणून मी उत्तरं जुळवून बसलो होतो. "ताराला दाखवतो," एवढंच म्हणाले आणि कागदाची घडी करून घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी मीच न राहवून विचारलं, तारा काय म्हणाली.

"ही कोण, म्हणाली."

उरलेली दोन चित्रं त्यांनी पुरी केली, एक रेघ कमी नाही की जास्त नाही, आणि काम सोडलं. पुस्तक छान खपलं. शाळांनीही घेतलं. हे निपाणीला जाऊन तंबाखूच्या पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं रंगवू लागले. अक्षरांशी ज्यांचं कधी पटलं नाही त्यांनी अक्षरंच रंगवायची, याला काय म्हणावं!

पुढे लढाईच्या दिवसांत कामानिमित्त निपाणीला गेलो असताना एका वखारीत भेटले. हात धरून चहाला नेलं. मी टाळत होतो तो विषय त्यांनीच काढला.

"जोड कुठंच दिसत न्हाय, मास्तर. लई साफ काढलासा हात."

त्यात टोमणा शोधला, पण तो नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याला दिलेली ती दाद होती. त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"दुसरं पुस्तक काढणार न्हाय?" मी विचारलं.

"न्हाय वो. कुणाला दाखवू?" म्हणाले आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

ते गेल्याचं मला उशिराच कळलं. महिन्याभराने शहापूरला घरी भेटायला गेलो. तारा सासरहून आली होती. मी छापखान्यातला म्हटल्यावर तिने बसायला घातलं, चहा केला. कपबशी उजव्या हाताने पुढे केली, फार जपून, खालचा ओठ दाताखाली धरून. तरी थोडा चहा सांडलाच.

"अय्यो, सांडलं बघा." तिने डाव्या हाताने फडकं उचललं आणि एका फटक्यात फरशी लख्ख पुसली. मग तो हात चटकन पदराखाली घेतला. "सवय मोडत न्हाय अजून," ओशाळून म्हणाली.

पुस्तकातला तो हात मी काढला, हे मला तिला सांगायचं होतं. चहा संपेपर्यंत सांगू, असं मनाशी म्हणत मी तो घोट घोट करून पुरवला. शेवटी संपला. तिने कप उचलून आत नेला, उजव्याच हाताने.