अल्बम काढायला चिखलीला गेले त्याची हकिकत

निवृत्त माणूस रिकामा असतो असा लोकांचा गोड गैरसमज आहे. धाकट्या बहिणीचा, वसूचा, फोन आला तेव्हा मी पुण्यात माझ्या गॅलरीत बसून सोसायटीच्या चेअरमनला पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार लिहीत होते. म्हणजे कामातच होते.

"ताई, चार दिवस ये," वसू म्हणाली. "ऋतुजाचा अल्बम काढायला तुमच्या पुण्याची एक कंपनी तयार आहे, आणि ही म्हणते विचार करते. सोमवारी उत्तर द्यायचंय, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला घेतील. तुझं ती ऐकते."

ऋतुजा माझी भाची. वय चोवीस. चिखलीत एका कृषी केंद्राच्या काउंटरवर बियाणं आणि खतं विकते आणि उरलेल्या वेळात 'ठसका' या नावाने रॅप करते. आजवरची सगळी गाणी तिने फुकट वाटली आहेत. या फुकट वाटपाला ती मिक्सटेप म्हणते.

माझ्या माहितीची मिक्सटेप म्हणजे कोऱ्या कॅसेटवर दुकानदाराकडून भरून घेतलेली गाणी. ती शेवटच्या गाण्याच्या ऐन मध्यावर संपायची आणि दुकानदार वर हसायचा. अल्बम हा शब्द मात्र मला आवडतो. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, कव्हर असतं, आणि कोणीतरी ठरलेली तारीख पाळलेली असते. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली बाई आहे. गोष्टी क्रमाने असाव्यात असं मला वाटतं. पोरीला अल्बम काढायला लावायचाच, असं ठरवून मी बॅग भरली.

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुण्याहून चिखलीला थेट खाजगी बस मिळते, पण त्यात पडदे ओढून झोपायचं असतं आणि शेजारचा घोरतो. मी रेल्वेने नांदुऱ्याला उतरले. स्टेशनबाहेर गरम कचोरी खाल्ली. कचोरी उत्तम, चहा नुसता गोड. तिथून एसटीने मोताळा, बुलढाणा आणि पुढे चिखली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा बिनधास्त खिडकी पकडा. राजूर घाट चढताना गाडी अशी कण्हते की आपणच उतरून ढकलावं असं वाटतं. पण जानेवारीत गेलात तर बुलढाण्याची हवा अंगावर शाल घ्यायला लावते आणि घाटाबद्दल सगळं माफ होतं. रस्ता बराच चांगला आहे. जिथे नाही तिथे अजिबात नाही.

चिखलीत वसूने भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा केला होता. जेवतानाच मी विषय काढला.

"अल्बमला नाही का म्हणतेस?"

"नाई कुठं म्हनलं मावशी? विचार करून राह्यली," ऋतुजा म्हणाली. "मले बी पाह्यजे ना अल्बम. माह्यं नाव येईन, पैसे येतीन, दुसऱ्याच्या ठेक्यावर गा लागनार नाई. पन मागच्या साली तुरीचा भाव पडला, तवा मी त्याच राती गानं केलं अन् सकाळी वाटलं. अल्बमले दोन वर्सं लागते. दोन वर्सांनं त्या भावाचं कोनाले काय?"

"आणि मोठेमोठे रॅपर आता विकायच्या गाण्यांनासुद्धा मिक्सटेप म्हणतात, असं मी वाचून आले आहे," मी म्हटलं. "तसं म्हटलं की लोक फार अपेक्षा ठेवत नाहीत. परीक्षेला जाताना 'माझा काही अभ्यास झाला नाही' सांगणाऱ्या मुली असतात, त्यातलाच प्रकार."

"हाव! अन् त्याच पयल्या येते!" ती खो खो हसली.

मेहुणे बाजार समितीत अडत्या आहेत. दिवसभर शेतमालाचे भाव ओरडून त्यांचा आवाज बसलेला असतो. तेवढ्या आवाजात ते म्हणाले, "माह्यं म्हननं एवढंच का अल्बम चार लोकाइले दाखवता येते. पाव्हन्याइले काय दाखवू, पेनड्राइव?"

इथे खरी गोम होती. ऋतुजाचं सगळ्यांत गाजलेलं गाणं त्याच पाहुण्यांवर आहे, मुलगी बघायला येणाऱ्यांवर:

*पोहे खाल्ले, चहा पेले, मंग विचारते नाव,*
*मी काय तूर हाये का बे, पाहून सांगता भाव?*

गाणं तिने अमेरिकेतल्या कुणाच्या तरी ठेक्यावर केलेलं. फुकट वाटायच्या मिक्सटेपवर हे चालतं म्हणे; वर्षानुवर्षं रॅपवाले असंच करत आले. अल्बममध्ये चालत नाही, कारण तो विकायचा असतो आणि ठेक्याच्या मालकाची परवानगी लागते. म्हणून कंपनीने तेच शब्द घेऊन नवा, स्वतःचा ठेका बांधून पाठवला होता. मी दोन्ही फोनवर ऐकले. नवा मला शंभर पटींनी चांगला वाटला. त्यात व्हायोलिनसुद्धा होतं.

"झालं तर मग!" मी म्हटलं.

"उद्या माह्यासंग मेहकरले चाल," ती म्हणाली. "जीपमधी ऐकू. मंग बोल."

चिखली-मेहकर रस्त्यावर प्रवासी जीपा चालतात. अर्ध्या तिकिटाची सवलत इथे नाही, आणि सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. पण या जीपांचा एक रिवाज आहे: पुढच्या सीटवर जो बसेल, त्याच्या मर्जीचं गाणं लागतं. ऋतुजाची मिक्सटेप अशीच पसरली. ती गाणी पेनड्राइव्हवर भरून ड्रायव्हरांना देते आणि पुढे बसणारे त्यातली निवडतात. जे गाणं महिनाभर कोणी मागत नाही, ते ती स्वतःच काढून टाकते. निवड समिती म्हणून मला हे जरा उथळ वाटलं, पण आमच्या खात्यातल्या बढत्यांपेक्षा बरंच न्याय्य होतं.

माझे गुडघे पाहून ड्रायव्हर रशीदभाईंनी मला पुढे बसवलं. "बोला खाला, कोनतं लावू?"

"ते पोह्यांचं," मी म्हटलं. जुनं लागलं. चहा पिऊन झाला, नाव विचारून झालं, आणि "पाहून सांगता भाव?" या शब्दांशी ठेका एकदम थांबला. क्षणभर काहीच नाही. त्या रिकाम्या जागेत मागच्या अकरा माणसांनी एकसाथ जीपच्या टपावर, दारावर, सीटवर धाडकन थाप मारली. माझा चष्मा नाकावरून उडाला. मेथीच्या जुड्या मांडीवर घेतलेली एक आजी सगळ्यांत जोरात मारत होती.

"माह्या नातीले पाहाले आलते," ती मला मागून ओरडून म्हणाली. "तिचं वजन इचारलं मुडद्यानं! मार वं बाई, तू बी मार!"

मी मारली नाही. मी दूरध्वनी खात्यातून सन्मानाने निवृत्त झाले आहे. दुसऱ्यांदा मात्र हात आपोआप डॅशबोर्डवर गेला.

वाटेत हिवरा आश्रमला उतरलो. आश्रमाचा परिसर मोठा, झाडलेला आणि शांत आहे. तासभर काढून जरूर पाहा. मेहकरात आलूबोंडे खाल्ले. परतताना दुसरी जीप धरली, पुन्हा पुढची सीट, आणि ऋतुजाने कंपनीचं नवं गाणं लावायला दिलं.

लोक ओळखून खूश झाले. हात वर गेले. "पाहून सांगता भाव?" आणि तिथे व्हायोलिन सुरू झालं. गोड, लांबलचक. वर गेलेले हात तसेच राहिले. एकाने अर्धवट थाप मारली आणि ओशाळून खिडकीबाहेर पाहिलं.

"हे बिघडलं का बे?" मागून कोणीतरी विचारलं.

"जुनंच लाव," दुसरा म्हणाला.

ऋतुजा बोटांवर ओढणी गुंडाळत बसली. तिला हे आधीच कळलेलं होतं, आणि तरी तिला अल्बम हवा होता.

मला मात्र संताप आला, आणि तो जुना संताप होता. कॉन्व्हेंटच्या गायनवृंदात सिस्टर आम्हाला शिकवायच्या की सुरांमधली शांतताही मोजून गायची असते. त्या जागी जिने श्वासाचा आवाज केला, तिला वर्गाबाहेर उभं करत. त्या न्यायाने या कंपनीची व्हरांड्यात गर्दी झाली असती.

सोमवारी सकाळी कंपनीच्या सौरभ नावाच्या सभ्य मुलाचा फोन आला. ऋतुजाने स्पीकरवर लावला. ती जागा रिकामी ठेवा, एवढंच तिने सांगितलं.

"अगं, तिथे शांतता ठेवली तर लोकांना वाटतं गाणं संपलं," तो म्हणाला. "ते पुढचं लावतात. डेटा आहे आपल्याकडे."

मी फोन हिसकावला. दूरध्वनी खात्याच्या तक्रार विभागात उभी हयात गेली माझी. शिव्या खाऊनही 'नमस्कार' म्हणायची सवय आहे.

"नमस्कार. मी हिची मावशी. तुमचा डेटा मेहकरच्या जीपमध्ये कधी बसला आहे का? नाही ना? मग ऐका. तुमचा व्हायोलिनवाला गुणी आहे, त्याला दुसरं काम द्या. मुलीने विचारलंय, भाव सांगता का? असा प्रश्न विचारल्यावर माणूस गप्प बसतो, तोंड बघतो, लाजतो. तुम्ही तिथे व्हायोलिन वाजवता? कुणाची लाज झाकता आहात?"

मग तो म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात नाहीये हो."

ऋतुजाने फोन परत घेतला. "सर, मग हे गाणं सोडा. बाकीची दहा घ्या."

"हे नसेल तर अल्बम नाही, ऋतुजा. लोकांना तुझं हेच माहीत आहे."

मेहुणे दारात चपला घालता घालता थांबले होते. वसूने गॅस बंद केला. मी, जी अल्बम काढायला आले होते, देवाशपथ एक शब्द बोलले नाही.

"तर मंग नाई, सर," ऋतुजा म्हणाली. "थँक्यू."

त्यानंतर ती बराच वेळ मागच्या अंगणात होती. आली तेव्हा डोळे लाल होते आणि घरात मिरच्या कोणी कुटत नव्हतं. मेहुणे बाजाराला गेले. ते अजूनही नाराज आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही. कंपनी काही रोज दारात येत नाही.

मी नवी तूरडाळ घेऊन पुण्याला परतले. डाळ फार छान शिजते. चिखलीला गेलात तर पिशवी रिकामी न्या. शेजारणी विचारतात, काय मग, निघाला का भाचीचा अल्बम? मी सांगते, नाही निघाला. त्यावर त्या 'अरेरे' करतात. पूर्वी मीही केलं असतं. कामाच्या पूर्णतेला आणि कव्हरला मान द्यावा असं मला आजही वाटतं, आणि पोरीचा अल्बम एक दिवस निघावा असंही. फक्त तो तिचा निघावा.

गेल्या आठवड्यात तिची नवी मिक्सटेप आली. चौथं गाणं संपलं, आणि कानात एक कर्कश बाई सुरू झाली: "नमस्कार. मी हिची मावशी. तुमचा डेटा मेहकरच्या जीपमध्ये कधी बसला आहे का?"

सगळंच्या सगळं भाषण! पोरीने तो फोन रेकॉर्ड केला होता. सौरभचा आवाज तेवढा सभ्यपणे वगळला होता, माझा नाही. मी ताबडतोब फोन लावला.

"मला न विचारता?"

"मिक्सटेप हाये मावशी, इथं कोन कोनाले विचारते? रशीदभाई सांगत होते, पुढं बसनारे गानं नाई मागत, तुलेच मागून राह्यले."

मी तिला फार बोलले. ते तिने रेकॉर्ड केलं नसेल अशी आशा आहे. अल्बम असता तर माझी लेखी परवानगी घ्यावी लागली असती, आणि मी ती मुळीच दिली नसती.