कृष्णद्रव्याचा जन्म आणि उरलेले

"पाळणा बांधायचा कुठं, ते सांगा आधी!" शेवंताबाई शाळेच्या व्हरांड्यातून ओरडून राहिल्या होत्या.

मी रेणापूरजवळच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये तंबू फुगवत होतो. माझा धंदा फिरत्या तारांगणाचा. पंख्यानं फुगणारा घुमट, आत प्रोजेक्टर, छतावर आकाश. पंखा चालू केला की शेजारच्या गावात पानं हलायची थांबतात.

वळून पाहिलं तर चारशे बाया. हेडमास्तर म्हणतात, चाळीस होत्या. ते गणिताचे, कमीच मोजणार.

घोटाळा असा झाला. मी विषय कळवला होता 'कृष्णद्रव्याचा जन्म'. कृष्णद्रव्य म्हणजे डार्क मॅटर. दिसत नाही, पण त्याच्या वजनानंच आकाशगंगा बांधलेल्या राहतात. देवळाच्या भोंग्यावर पुकारणाऱ्याला 'द्रव्य' जड गेलं, त्यानं ते गाळलं आणि 'कृष्णाचा जन्म' पुकारला.

हेडमास्तर कानाशी आले. "शेवंताबाई शाळा समितीच्या अध्यक्ष. नाराज झाल्या तर तंबू आत्ताच गुंडाळावा लागंल. पोरं महिनाभर वाट बघून राहिलीत, सर."

"जन्म दाखवता का न्हाई?" शेवंताबाईंनी मला विचारलं.

"दाखवतो, मावशी. पण हा कृष्ण जरा वेगळा. आत या."

चारशेही आत मावल्या. अंधार केला.

"विश्व नवं होतं तेव्हा लई गरम, लई दाटी. वधू-वर मेळाव्यासारखी. दोन कण भेटले की जोडी जमली, उजेड होऊन हॉलच्या बाहेर."

"बरं," शेवंताबाई म्हणाल्या.

"पण हॉल ताणत चालला. सगळे एकमेकांपासून लांब. काहींना जोडीदार भेटलाच नाही, ते तसेच उरले. आमच्या भाषेत फ्रीझ-आउट. हे उरलेलेच कृष्णद्रव्य, असा एक अंदाज. नक्की कुणालाच माहीत नाही."

कोपऱ्यातून आवाज आला, "आपल्या गावात तसले तेवीस हायेत." कुणी हसलं नाही.

"मग त्या उरलेल्यांचं काय केलं?" शेवंताबाई.

"शोधून राहिलेत. डोंगराखाली, खाणीत मशिनी लावून. अजून एकबी घावला नाही."

तंबू वाचला. पोरांचे तीन दिवस शो झाले. मी एवढंच शिकलो की विषय कळवताना जोडशब्द टाळावा.

निघताना शेवंताबाईंना विचारलं, "पटलं का, मावशी?"

"उरलेल्याला शोधून काय करता?" त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी पोरगी शोधा."