शेवटच्या नळापर्यंत

नोकरीची तीस-बत्तीस वर्षं मी पाणी सोडणाऱ्या माणसांवर साहेबगिरी करण्यात घालवली. त्यातलं बहुतेक आता आठवतही नाही. फायली, बदल्या, निरोपसमारंभाचे नारळ, सगळं एकात एक मिसळून गेलंय. घाटकोपरची दोन वर्षं मात्र नको तितकी नीट आठवतात. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी नुकताच पाणीखात्याच्या चौकीचा इंजिनियर झालो होतो, आणि माझ्याइतका उत्साही मूर्ख त्या चौकीने आधी पाहिला नसावा.

हाताखाली सोळा माणसं. त्यातला एक चावीवाला होता, पन्नाशीचा, मालवणकडचा. चावीवाला म्हणजे रस्त्याखालचे व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीने उघडून वस्तीला पाणी सोडणारा माणूस. याच्याकडे टेकडीवरची झोपडपट्टी होती. पहाटे पाचला तो पायथ्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. नियमाने काम तिथे संपलं. पण हा गडी चावी खांद्यावर टाकून टेकडी चढायचा, थेट शेवटच्या नळापर्यंत, आणि बायकांच्या हंड्यांपाशी बिडी ओढत बसायचा. पाणी पोचलं नाही तर खाली उतरून खालच्या आळीची लाइन अर्धा-पाऊण फेरा आवळायचा, की दाब वर जायचा. कुठल्या दिवशी किती फेरा, ते त्याच्या मनगटालाच ठाऊक. एवढं करून चौकीत सहीला यायला त्याला साडेसात व्हायचे. हजेरी सातची. माझ्या आधीचे साहेब मस्टर उघडं ठेवायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला तो निव्वळ ढिसाळपणा वाटला.

त्यात खात्याने मला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. पार्ल्याच्या एका कॉलेजचा हॉल, पडद्यावर त्रिकोण आणि बाण, दुपारी बटाटेवडे. माणसाला कामाची प्रेरणा कशी द्यावी हे शिकवणाऱ्या गृहस्थांच्या हाताखाली कधी एखादा शिपाई तरी असेल की नाही, कोण जाणे. पण मी वही भरून लिहून घेतलं.

परत येऊन योजना लावली. सातला मस्टर बंद. नंतर येणाऱ्याला लाल खूण, तीन खुणांना एक रजा गेली. महिनाभर एकही खूण नसेल त्याचं नाव रंगीत खडूने फळ्यावर आणि सर्व्हिस बुकात शाबासकी. नव्याचे नऊ दिवस, म्हणून माणसं गालात हसली. चावीवाला नेहमीसारखा साडेसातला आला आणि मस्टरमधल्या लाल खुणेकडे बघत राहिला.

"सायबानू, वर पाणी चढला काय नाय ता बघल्याशिवाय येऊ कसा?"

"तुमचं काम व्हॉल्व्ह उघडायचं. वर जाऊन बघायला कोणी सांगितलंय तुम्हाला?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "कोणीच नाय."

"मग झालं तर!"

त्याने चावी उचलली आणि निघाला. मला वाटलं, जिंकलो. त्या महिन्यात त्याच्या आठ रजा गेल्या. गणपतीला गावी जायला त्याने त्या साठवल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पुढच्या महिन्यापासून तो बरोबर सातला हजर व्हायला लागला. तिसऱ्या महिन्यात फळ्यावर त्याचं नाव सगळ्यात वर होतं. मोठे साहेब येऊन बघून गेले आणि माझी पाठ थोपटली.

आठवड्याभरात टेकडीवरच्या सात-आठ बायका रिकामे हंडे घेऊन चौकीच्या दारात बसल्या. त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "सायेब, तुमचा चावीवाला आजारी हाय का?"

"नाही हो. रोज वेळेवर येतो."

"मग वर का दिसंना? महिना झाला, खालनं हंडे वाहतोय आम्ही. माझ्या सुनेला सातवा लागलाय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा ती टेकडी चढलो. इतके दिवस खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो. शेवटचा नळ कोरडा होता, त्याच्या तोंडाशी मुंग्या फिरत होत्या. ती सून हंडा काखेत घेऊन थांबत थांबत वर येत होती, आणि मला बघून तिने पदर सावरला. लाज वाटली. अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी चावीवाल्याला खुर्चीत बसवलं, चहा मागवला. म्हटलं, योजना बंद, लाल खुणा रद्द, गेलेल्या रजा परत मिळवून देतो. तुम्ही पूर्वीसारखे वर जात जा. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने बशीतला चहा शांतपणे संपवला.

"सायबानू, लेखी द्या."

"अहो, वीस वर्षं कोणाच्या लेखी हुकमाने जात होतात तुम्ही?"

"तेव्हा ता माझा काम होता," तो म्हणाला. "आता तुमचा झाला."

मी लेखी दिलं. दुसरं काय करणार? रोज सकाळी शेवटच्या नळापर्यंत जाऊन पाहणी करावी व वहीत नोंद करावी. तो रोज जायचा, एक दिवसही चुकला नाही. खालची लाइन किती आवळायची ते हुकमात नव्हतं, कारण ते मला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या माणसाकडून आवळून पाहिली, तर खालची आळी बोंबलत आली.

पंधरा दिवसांनी मी त्याला गाठून विचारलं, "आज वर पाणी होतं का हो?"

त्याने वही पुढे केली. "लिवलला असा, सायबानू."

सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: सकाळी सहा वाजता शेवटचा नळ पाहिला. पाणी नाही.